पत्र्याच्या खोलीत बिऱ्हाड ठेवून दोन वर्षं बाहेरगावी जाताना

तुमची अडचण मला समजली ती अशी. नोकरीसाठी दोन वर्षं बेंगळुरूला जायचंय, जुलैअखेर नागपुरातलं भाड्याचं घर सोडायचंय आणि सगळं बिऱ्हाड आईवडिलांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायचंय. यादीत फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, इन्व्हर्टर, सागवानी पलंग, प्लायवूडची आलमारी, गाद्या-रजया, पुस्तकं, फोटोंचे अल्बम, साड्या, महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि मिरजेचा एक तंबोरा आहे. हवाबंद डबे कोणते घ्यावेत, सिलिका जेल किती टाकावं आणि एक्झॉस्ट फॅन लावला तर भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

घरसामानाचं पॅकिंग करणं आणि बदलीवर जाणाऱ्यांची बिऱ्हाडं सांभाळून परत देणं हा माझा नागपुरातलाच धंदा. त्या अनुभवावरून सांगतो, डबे, जेल आणि पंखा हे तिन्ही प्रश्न नंतरचे. त्याआधीचे दोन प्रश्न राहून गेलेत. यातलं काय त्या खोलीत मुळी जाऊच नये? आणि सामान जुलैत बंद केलं तर त्यात मुरलेला पावसाळाही सोबत बंद होईल, त्याचं काय करायचं? मी जे नुकसान बघतो त्यातलं बरंचसं या दुसऱ्या कारणाने झालेलं असतं, आणि लोक मात्र सगळं बिल मे महिन्याच्या उन्हावर फाडतात.

ऊन निर्दोष आहे असं नाही. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ पर्यंत उतरला होता. या बाहेरच्या, सावलीतल्या हवेच्या नोंदी आहेत. पत्रा स्वतः मे महिन्याच्या दुपारी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो आणि त्याच्याखाली हातभर अंतरावरची हवा सहज पन्नाशी ओलांडते. रात्री उलटं होतं. आकाश निरभ्र असलं की पत्रा आपली उष्णता वर फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड पडतो. हिवाळ्यात पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि थेंब खाली टपकतात. छत कुठेही गळत नसताना खोक्यांवर पाण्याचे डाग दिसतात ते यामुळे. घरमालक मिस्त्री बोलावून पत्र्याच्या जोडांना डांबर फासून घेतो आणि पुढच्या डिसेंबरात डाग पुन्हा हजर असतात.

उष्णतेचा एक त्रास लगेच दिसणारा आहे. मेणबत्त्या वाकतात, खोक्याच्या चिकटपट्टीचा गोंद सुटतो, सनमायक्याच्या कडा उचलल्या जातात. दुसरा त्रास हळू चालतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. रंगीत फोटो फिके पडणं, फोमचा भुगा होणं, बॅटरीचं आयुष्य सरणं या सगळ्या अशाच क्रिया आहेत. खाली पंचवीस अंशांच्या खोलीत जे चार वर्षांत व्हायचं, ते वर पंचेचाळीस अंशांत वर्षभरात होतं.

लाकडाचं गणित वेगळं आहे. लाकूड उन्हाने फारसं फुगत नाही, ते ओलाव्याने फुगतं, आणि तेही रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. एप्रिल-मेच्या दुपारी नागपूरच्या हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते, जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जाते. वीस टक्क्यांत बराच काळ राहिलेल्या लाकडात वजनाच्या चार-पाच टक्के पाणी असतं, ऐंशीत राहिलेल्यात पंधरा-सोळा टक्के. पलंगाच्या पाट्या आखडून खिळे-चुका ढिल्या होतात आणि पावसाळ्यात खण बसेनासे होतात, ते यामुळे. घन सागवान हे सोसतं. जिथे दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटवलेले आहेत तिथे खरी मोडतोड होते, कारण एक सरकतो आणि दुसरा सरकत नाही. प्लायवर सनमायका, काचेवर फोटो, भोपळ्यावर लाकडी दांडी, मातीच्या मुखवट्यावर रंग. तुमच्या यादीतली निम्मी यादी या जातीची आहे.

आता काय कशावर अवलंबून आहे ते. पत्रा लोखंडी आहे की सिमेंटचा, खोलीच्या पश्चिमेला भिंत उघडी आहे की शेजारच्या इमारतीची सावली पडते, गच्चीवरची पाण्याची टाकी या खोलीला चिकटून आहे का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्या आईवडिलांना महिन्यातून एकदा जिना चढून खोली उघडणं झेपेल का. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर मी खाली सांगतोय त्यातलं निम्मं लागू पडत नाही. तेव्हा वरच्या खोलीत फक्त भांडी, लोखंड आणि घन लाकूड ठेवा, बाकीचं विका, वाटा किंवा तळमजल्यावरचं गोदाम भाड्याने घ्या.

हातात आठ-पंधरा दिवस असतील तर एक डिजिटल तापमान-आर्द्रतामापक आणा, काहीशे रुपयांत येतो. कमाल-किमान आकडे लक्षात ठेवणारा घ्या. चार दिवस तो जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवा, चार दिवस छताजवळ. जमिनीलगत आणि छताजवळ किती फरक आहे हे आकड्यांत दिसलं की कुठलं सामान कुठे ठेवायचं याचा निम्मा निकाल तिथेच लागतो. जमिनीखाली घराचा जाड स्लॅब आहे, तो तापायला आणि निवायला वेळ घेतो, म्हणून खालच्या दोन फुटांत चढउतार नेहमीच कमी असतो.

आता जुलैच्या प्रश्नाकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत कळीचं तेच आहे. पावसाळ्यात तीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. मे महिन्यात चाळीस अंश आणि वीस टक्क्यांच्या हवेत ते दहाच ग्रॅम भरतं. ही पावसाळी हवा सव्वीस अंशांच्या खाली गेली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. मेची हवा मात्र बारा-तेरापर्यंत कोरडी राहते. पण डब्यातल्या हवेत पाणी असून असून किती असणार, ग्रॅम-दीड ग्रॅम. खरा साठा कपड्यांत, कापसात, कागदात असतो. सुती कापड ऐंशी टक्के आर्द्रतेत आपल्या वजनाच्या सुमारे दहा टक्के पाणी धरून ठेवतं आणि हाताला पूर्ण कोरडं लागतं. दहा किलोच्या रजया जुलैत घट्ट डब्यात भरल्या म्हणजे लिटरभर पाणी आत कोंडलं. दिवसा झाकण तापतं, रात्री गार होतं, आणि ते पाणी आतल्या आत गरम बाजूकडून थंड बाजूकडे फिरत राहतं. झाकणाखालचा पहिला थर काळा पडतो तो असा. डबा जितका भारी, जितका हवाबंद, तितकं हे बेमालूम होतं.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा, की जुलैत सामान फक्त हलवा, बंद मात्र नंतर करा. कपडे, अंथरुणं, पुस्तकं, अल्बम हे सगळं खाली हॉलमध्ये किंवा एखाद्या खोलीत कापडी गाठोड्यांत आणि उघड्या खोक्यांत, पंख्याची हवा लागेल असं राहू द्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस सरला की आपल्याकडे अंथरुणं उन्हात टाकायची पद्धत आहेच. ती झाली की दिवाळीनंतरच्या एखाद्या कोरड्या दुपारी, उन्हात तापलेलं कापड सावलीत निवल्यावर, सगळं भरून झाकणं लावायची. त्या दिवसांत दुपारची आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या घरात येते आणि तीच कागदाला, कापडाला, लाकडाला मानवते. मे महिन्यातला ठणठणीत कोरडेपणा त्याहून चांगला असं वाटतं, पण त्यात कागद कडक होतो आणि जुन्या पुस्तकांची बांधणी मोडते. तुम्हाला स्वतः येणं जमणार नसेल तर दिवाळीला येणारा एखादा चुलतभाऊ-मामेभाऊ पकडा. काम अर्ध्या दिवसाचं आहे.

एवढे दिवस खाली जागाच नसेल तर दुसरा मार्ग एसीचा. ज्या खोलीत एसी आहे तिथे दोन-तीन दिवस ‘ड्राय’वर चालवून कपडे आणि पुस्तकं मोकळी पसरा, मग तिथल्या तिथे भरा. सुती कपड्यांना गरम इस्त्री फिरवून, ते निवल्याबरोबर भरणं हाही चांगला उपाय आहे, कारण इस्त्री आतलं पाणी हाकलते. डेझर्ट कूलरच्या खोलीत मात्र हे काम कधीच करू नका. कूलर हवा गार करतो ती पाणी पाजून.

सिलिका जेल किती, याचं उत्तर आता आपोआप निघतं. पाच किलो ओलसर सुती कपड्यांतलं दोनशे-अडीचशे ग्रॅम पाणी काढायचं असेल तर किलोभर जेल लागेल, कारण मध्यम आर्द्रतेत जेल आपल्या वजनाच्या वीस-पंचवीस टक्केच पाणी धरतं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या चार पुड्यांनी काही होत नाही. सामान कोरडं करून भरलं असेल तर पन्नास लिटरच्या डब्याला मूठ-दोन मूठ पुरतं, ते आत चुकून शिरणाऱ्या दमटपणासाठी. रंग बदलणारं जेल घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. आणि उघड्या खोलीत वाट्यांमधून जेल मांडून ठेवणं म्हणजे कन्हान नदीतून तांब्याने पाणी उपसणं.

डबे कोणते, तर कपड्यांसाठी रबरी कड असलेले जाड प्लास्टिकचे चांगले, पण फक्त वर सांगितल्याप्रमाणे कोरडं करून भरणार असाल तर. तसं होणार नसेल तर जुनी लोखंडी ट्रंक परवडली. ती पूर्ण हवाबंद नसते, थोडा श्वास घेते. आतून मात्र जुन्या सुती चादरीचं अस्तर लावा, म्हणजे पत्र्यावर धरलेलं दव कपड्याऐवजी अस्तराला लागेल. डबा किंवा ट्रंक, काहीही असो, गच्च भरा. अर्धवट भरलेल्या डब्यात चढउतार जास्त. दाबून भरलेल्या कापडाच्या आणि कागदाच्या गठ्ठ्यात आतपर्यंत ऊब पोचायला आणि निघायला वेळ लागतो आणि कापूस स्वतःच ओलावा घेत-सोडत आतली आर्द्रता सांभाळतो. जपायच्या वस्तू गठ्ठ्याच्या मध्यभागी, आणि तो गठ्ठा खोलीच्या मध्यभागी. मी गोदामात हेच करतो. भिंतीला लागून भांडी आणि लोखंडी सामान, त्यानंतर लाकूड, आणि पोटात कापड-कागद.

आता वस्तूंची छाटणी. ज्वालाग्राही आणि दाबाखालचं काहीही वर नेऊ नका. गॅस सिलिंडर तर अजिबात नाही. तो आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करा, व्हाउचर घ्या, अनामत परत मिळते आणि बेंगळुरूला त्या व्हाउचरवर जोडणी घेता येते. डिओडरंट आणि कीटकनाशकाच्या फवाऱ्यांच्या डब्यांवर पन्नास अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलंच असतं, आणि तुमची खोली ती मर्यादा ओलांडते. रंगाचे उरलेले डबे, थिनर, रॉकेल यांनाही तोच न्याय. औषधं फेकून द्या किंवा सोबत न्या.

बॅटऱ्यांचं बोलायचं तर इन्व्हर्टर खाली आईवडिलांना वापरू द्या. लेड-ॲसिड बॅटरी न वापरता ठेवली की स्वतःहून उतरते, पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि उष्णतेत हे सगळं फार वेगाने होतं. वरच्या खोलीत दोन वर्षांनी तुम्हाला फक्त भंगारच्या भावाची बॅटरी मिळेल. जुना लॅपटॉप, पॉवर बँक, मोबाइल यांतल्या लिथियम बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर, गार जागी राहिल्या तर टिकतात. त्याही खालीच. रिमोट, भिंतीवरची घड्याळं, खेळणी, वजनकाटा यांतले सेल काढून टाका. सेल फुटून सांडलेला क्षार पितळी पट्ट्या खाऊन टाकतो, आणि हे छोटं काम हटकून राहतं.

फ्रिज आणि वॉशिंग मशीनबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. दोन वर्षं बंद पडून राहिलेल्या फ्रिजपेक्षा रोज चालणारा फ्रिज चांगल्या अवस्थेत असतो. खाली जागा असेल तर आईवडिलांचा जुना काढून तुमचा लावा, नसेल तर आत्ताच विका. ठेवायचाच असेल तर बर्फ काढून, आतून पुसून, दोन दिवस दार उघडं ठेवून वाळवा. नंतर दारात कापडाची घडी अडकवून बोटभर फट ठेवा, नाहीतर दाराचं रबर चिकटतं आणि आत बुरशी धरते. उभाच ठेवा. मशीनमधलं पाणी खालच्या फिल्टरमधून पूर्ण काढा, पुढून उघडणारी असेल तर ड्रम बांधायचे मूळ बोल्ट लावा. वॉटर प्युरिफायरच्या जाळ्या आणि मेम्ब्रेन काढून टाका, नुसतं खोकं ठेवा. टीव्हीच्या पुस्तिकेत साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं. कमाल ४५ लिहिलं असेल तर तो वर जाणार नाही, ६० असेल तर खालच्या बाजूला, उभा, मूळ खोक्यात चालेल. या सगळ्या यंत्रांच्या वायरी उंदरांपासून वाचवायच्या असतात. भिंतीतली आणि दाराखालची भोकं भांडी घासायच्या तारेने ठासून बंद करा, ती उंदीर कुरतडत नाहीत.

फोटोंचे अल्बम, मूळ कागदपत्रं, साड्या, मुखवटे, तंबोरा आणि हार्ड डिस्क या गोष्टी खाली आईच्या आलमारीत किंवा दिवाणाच्या पोटात जागा करून ठेवा. सगळ्या मिळून एका आलमारीत मावतात. तुमच्या बिऱ्हाडाचा हा दहावा हिस्सा आहे आणि परत विकत न मिळणारं जवळजवळ सगळं त्यातच आहे. फ्रेममधले फोटो काचेला टेकलेले असतील तर आत्ताच काढा. दमटपणात फोटोचा थर मऊ होतो, मग तो काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. दुकानांची बिलं आणि वॉरंटीच्या पावत्या थर्मल कागदावर असतात, गरम खोलीत त्या काळ्या पडतात किंवा कोऱ्या होतात, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. पैठणी-शालू मलमलीत किंवा धुतलेल्या जुन्या सुती धोतरात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, वर्तमानपत्रात तर नकोच. जरीतली चांदी दमटपणाने काळवंडते. दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायला आईला सांगा. हे त्यांना सांगावं लागणार नाही बहुधा.

महालक्ष्म्यांचे मुखवटे पितळी असतील तर प्रश्न नाही. शाडूचे किंवा प्लास्टरचे असतील तर सुती कापडाच्या दोन-तीन थरांत, एकमेकांना न टेकवता, खोक्यात कापसाच्या गादीवर ठेवा. बबल रॅप थेट रंगाला लावू नका, उष्णतेत त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. असे ठसे मी पॉलिश केलेल्या फर्निचरवर नेहमी बघतो. तंबोऱ्याच्या तारा उतरवा, पण पूर्ण ढिल्या सोडू नका, घोडी जागेवर राहील इतका ताण असू द्या. गवसणी घालून आतल्या भिंतीच्या बाजूला ठेवा. बाहेरची भिंत आणि कूलर, दोन्हींपासून लांब. भोपळा आणि दांडीचा सांधा उकलला तर तो नागपुरात बसवून घेण्यापेक्षा मिरजेला पाठवणं बरं पडतं, आणि तो खर्च पुढचा आहे.

वर जाणाऱ्या सामानाकडे वळू. स्टीलची, पितळेची भांडी निर्धास्त न्या. फक्त पूर्ण वाळवून, आणि वर्तमानपत्राऐवजी जुन्या कापडात. कुकरच्या रिंगा काढून ठेवा. लोखंडी तवे-कढयांना तेलाचा हात फिरवा. सागवानी पलंग मोकळा करून पाट्या आडव्या, सपाट रचा, भिंतीला तिरक्या टेकवल्या की त्या वाकतात. पॅकर्सनी गुंडाळलेली ताणाची प्लास्टिक फिल्म सामान उतरल्याबरोबर कापून टाका. प्रवासापुरती ती ठीक, पण दोन वर्षं ती पॉलिशला चिकटून बसते. वरून जुन्या चादरी टाका. प्लायच्या आलमारीबद्दल आत्ताच मनाची तयारी ठेवा, कडा उचलल्या जातील. पार्टिकल बोर्डची असेल तर विकूनच जा. रेक्झिनचा सोफा, फोमच्या गाद्या आणि स्पोर्ट्स शूज हेही दोन वर्षांनी हातात भुगा होऊन येतात, बुटांचे तळवे तर पहिल्या पावलाला सुटतात. कापसाच्या गाद्या मात्र टिकतात, नंतर पिंजून घेतल्या की झालं.

कसरीसाठी आणि किड्यांसाठी लोक ट्रंकेत डांबरगोळ्या आणि कापूर दोन्ही टाकतात. वेगवेगळे असताना दोन्ही घन राहतात, पण एकत्र आले की बत्तीस-तेहतीस अंशांच्या आसपासच पातळ होतात, आणि नागपुरात हे तापमान मार्चपासून मिळतं. साडीवर तेलकट डाग पडतो, आणि कुणालाच कळत नाही की तेल आलं कुठून. एकच काहीतरी वापरा. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून, कापडाला न लागता, आणि टिकल्या, प्लास्टिकची बटणं, थर्मोकोलचं मखर यांच्यापासून लांब ठेवा, त्यांना त्या खातात. गरम खोलीत त्या लवकर उडूनही जातात, एकदा टाकल्या की दोन वर्षं निश्चिंत असं नाही. माझा स्वतःचा कल वेखंडाकडे आहे. वाळवीवर यातलं काहीच चालत नाही. तिच्यासाठी जाण्याआधी भिंतीच्या कडेने औषध मारून घ्या, खोकी जमिनीवर न ठेवता सहा इंच उंच लाकडी पाटांवर किंवा विटांवर फळ्या टाकून ठेवा, आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. वाळवीची मातीची नळी त्या फटीतून डोळ्यांना दिसायला हवी.

खोलीवरही थोडा खर्च करा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी काम म्हणजे पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा उन्हं परतवणारा पांढरा रंग. चुना पावसात धुऊन जातो, दर मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. रंग जास्त टिकतो. त्यानंतर आतून पत्र्याखाली चार-सहा इंच पोकळी सोडून एक खोटं छत, थर्मोकोलच्या शीटचं का असेना. त्या पोकळीला दोन टोकांना जाळीच्या झडपा ठेवल्या की तापलेली हवा तिथूनच निघून जाते, आणि हिवाळ्यातलं टपकणंही सामानावर न येता वरच्या वर राहतं. पत्रे सिमेंटचे जुने असतील तर त्यांना भोकं पाडू नका, खरवडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पत्र्यांच्या हुकांखालचे रबरी वायसर उन्हाने तडकतात आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच असते. मृगाच्या आधी ते तपासून बदलायला कुणाला तरी सांगून ठेवा. फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली तर लगेच.

एक्झॉस्ट फॅनबद्दल. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची बाहेरची हवा ही आतल्या बावन्नपेक्षा गारच, तेव्हा दुपारी पंखा फायद्याचा. पण तोच पंखा जुलैत चालू राहिला तर बाहेरचा सगळा दमटपणा ओढून आणतो. म्हणून टायमरवर बसवून विसरायचं साधन ते नव्हे. जून ते सप्टेंबर खोली बंद, पंखा बंद. ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्यातून एका कोरड्या दुपारी दार-खिडकी दोन-तीन तास उघडी, आणि उन्हाळ्यात जमलं तर दुपारी पंखा. पावसाळ्यात एकदाच, तीन-चार दिवस उघाड मिळाल्यावर, दुपारी आत जाऊन नाकाने आणि हाताने तपासणी. कुबट वास आला तर तेवढाच डबा खाली आणून उघडायचा, सगळी खोली उपसायची नाही. यासाठी प्रत्येक डब्यावर नंबर आणि आत काय आहे ते मार्करने पुठ्ठ्यावर लिहून सुतळीने बांधा, चिकटपट्टीवर लिहिलेलं उन्हाने गळून पडतं.

परत याल तेव्हा, शक्यतो पुन्हा पावसाळ्यात येऊ नका एवढंच म्हणेन. आलातच तर डबे वर उघडू नका, खाली आणून एक रात्र बंदच राहू द्या आणि मग उघडा. फ्रिज जिन्यातून आडवा आणावा लागला तर उभा केल्यावर निदान काही तास, शक्य असेल तर रात्रभर थांबून मग सुरू करा, आणि त्याआधी मागची वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपून घ्या. मिक्सर, मशीन, टीव्ही यांनाही तीच तपासणी. पलंग जोडताना पाट्या खाचेत बसेनात तर रंधा मारायची घाई नको, सुताराला नोव्हेंबरात बोलवा, बहुतेक वेळा तोवर त्या आपोआप बसतात.

पत्रा लोखंडी की सिमेंटचा, आणि टाकी कुठल्या बाजूला आहे, तेवढं कळवा. टाकी खोलीला चिकटून असेल तर मांडणी बदलावी लागेल.